तांबडा त्रिकोण

डबा धुऊन, हात रुमालाला पुसत धोकाताई खुर्चीत टेकली तेव्हा पडद्यावर एक तांबडा त्रिकोण उभा होता. त्याच्या पोटात उद्गारचिन्ह. खाली एक ओळ: 'तुम्ही उतरवून घेतलेला प्रोग्रॅम संशयास्पद आहे.' आणि त्याखाली ऐसपैस निळं बटण: 'काढून टाका'. घाबरायला हवं होतं, पण पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते भलतंच. कुणी काढलाय हा त्रिकोण? कोपरे सुरीसारखे टोकदार, आणि उद्गारचिन्हाचा ठिपका काठीला इतका खेटलेला की लांबून बघणाऱ्याला नुसती काठीच दिसावी. असला त्रिकोण तिच्या हाताखाली आला असता तर तिने तो 'पुन्हा काढा' म्हणून परत धाडला असता. त्रिकोण हा तिचा रोजचा व्यवहार होता. ती बसायची त्या ऑफिसात इशाऱ्याच्या पाट्या बनत. 'धोका', 'सावधान', 'आत येऊ नये', 'फरशी ओली आहे'. अक्षरं ती पडद्यावर मांडायची, शेजारच्या खोलीतलं प्लॉटर नावाचं यंत्र ती चिकटपट्टीच्या रोलमधून करकर कापायचं, आणि मग ती अक्षरं पाटीवर बसायची. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाचं नाव धोकाताई पडलं तर तक्रार कुणाकडे करायची? खरं नाव पगाराच्या दिवशी हिशेबवाल्या बाईंच्या तोंडून तेवढं ऐकू येई, आणि ते ऐकून तीच इकडेतिकडे बघे, कुणाला बोलावतायत म्हणून.

पाट्या कशासाठी असतात हे तिला धंद्यात पडल्यावर वर्षभरात कळलं होतं. माणूस पडू नये म्हणून पाटी लावतात हा बाहेरच्या लोकांचा गोड समज. पाटी लावतात ती माणूस पडल्यावर 'पाटी होती की' म्हणता यावं म्हणून. एका दुकानदाराने 'पायरी आहे, जपून' अशी पाटी करून नेली होती. पुढे त्याने दुकान दुरुस्त करताना पायरी काढून टाकली, पण पाटी चांगली होती, ती कशाला काढा? मग लोक पाटी वाचून, नसलेल्या पायरीवर इमानदारीत पाय उचलून, तोंडावर पडायला लागले. दुकानदार परत आला. म्हणाला, आता 'पायरी नाही' अशी करून द्या. तिने करून दिली. दोन्ही पाट्या शेजारीशेजारी लागल्या आणि लोक तिथे थबकून विचारात पडायला लागले. त्यामुळे पडायचं थांबलं, दुकानात शिरायचंही थांबलं. एका बागेत 'रंग ओला आहे' ही तिची पाटी बाकावर वर्षानुवर्षं होती, कारण पाटी बाकापेक्षा देखणी झाली होती. त्या बाकावर कुणी बसत नसे. येणारा-जाणारा फक्त बोट लावून बघे. असं सगळं बघितलेल्या बाईला कुणी त्रिकोण दाखवून घाबरवायचं म्हणजे हलवायाला जिलबी दाखवून भुलवण्यातला प्रकार. तरीही, खोटं कशाला बोला, पोटात कुठेतरी एक थेंब गार पडला होता. संशयास्पद. वाईट आहे असं म्हटलं नव्हतं. चोर आहे असंही नाही. नुसतं संशयास्पद. हा शब्द तिच्या ओळखीचा होता, आणि तो समोर आला की तिची मान आपोआप ताठ होई.

तेवढ्यात चहाचा कप घेऊन हिशेबवाल्या बाई मागून गेल्या आणि थबकल्या. "अगं बाई! तांबडं!" एवढंच म्हणाल्या, पण अशा आवाजात की शेजारच्या खोलीतलं प्लॉटर बंद पडलं. ते चिकटपट्टी अडकून रोजच बंद पडायचं, पण आज त्याला कारण मिळालं. पाठोपाठ हिशेबवाल्या बाईंना आठवलं की त्यांच्या पडद्यावरचा बाण कालपासून आपोआप हलतोय. त्यांच्या टेबलाचा एक पाय लंगडा होता आणि बाण गेली कित्येक वर्षं हलत होता, पण आता कोण ऐकणार? चहाचं यंत्र सकाळपासून गळत होतं, तेही या खात्यात जमा झालं. साहेब बाहेर आले. साहेब म्हणजे मालक. धंदा सासऱ्यांचा, तो जावयाच्या हातात आलेला, त्यामुळे तो बुडवला असं कुणी म्हणू नये या एकाच भीतीवर चालणारा माणूस. त्यांनी लांबूनच, जणू पडद्यातून वारा येतोय अशा बेताने बघितलं आणि डॉक्टरला फोन लावला.

हा डॉक्टर म्हणजे संगणक दुरुस्त करणारा. मशीनला हात लावायच्या आधी तो स्वतःचे हात धुवायचा आणि 'कधीपासून होतंय?' असं विचारायचा, म्हणून डॉक्टर. त्याने आजही हात धुतले.

"कधीपासून होतंय?"

"जेवून आले तेव्हापासून."

"काय उतरवलंत?"

"अक्षरं घडवायचा प्रोग्रॅम. जुनाच आहे माझा. त्याची नवी आवृत्ती आली होती, ती घेतली."

"कितीला?"

"फुकट."

डॉक्टरने बॅग खाली ठेवली आणि साहेबांकडे वळला, खरे डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसा. "फुकट," तो हळू आवाजात म्हणाला.

"फुकट?" साहेब म्हणाले.

"ताई, राग मानू नका," डॉक्टर म्हणाला, "पण जगात फुकट काय मिळतं, मला सांगा बरं?"

"सल्ला," धोकाताई म्हणाली.

हिशेबवाल्या बाईंना हसू आलं, ते त्यांनी चहात बुडवलं. डॉक्टरने पडद्याकडे बघून मान हलवली. तिने विचारलं, ते निळं बटण दाबू का? तर तो म्हणाला, छे, छे, बटणच खोटं असू शकतं. मग नको दाबू? न दाबता ठेवणं तर त्याहून वाईट. मग करू काय? यावर डॉक्टरने खाली वाकून मशीनची वायरच भिंतीतून उपटली. पडदा काळा झाला, त्यात तिचं तोंड दिसलं, आणि तिच्या मागे तीन तोंडं, दवाखान्यात खाटेभोवती उभी असतात तशी. "पूर्ण कोरं करावं लागेल," डॉक्टर म्हणाला. "आतलं सगळं पुसायचं. काही उरता कामा नये." "माझी अक्षरं आहेत त्यात," ती म्हणाली. "तीच तर ठेवायची नाहीत. रोग त्यांतच असायचा." ती पर्समधला पेनड्राइव्ह काढायला गेली तसा तो ओरडला, अहो, त्यालाही होईल! साहेब दोन पावलं मागे सरले.

माझी अक्षरं आहेत त्यात. असं ती म्हणाली खरी, पण त्या काळ्या पडद्यापुढे ते वाक्य अगदीच पोरकट वाटलं. अक्षरं काय, सगळ्यांचीच असतात. पण ही तिची होती. पाट्यांसाठी जी अक्षरं मिळत ती तिला कधी पटली नव्हती. सगळी इस्त्री केल्यासारखी, एकाच मापाची, 'धोका' म्हणताना आणि 'स्वागत' म्हणताना तोंडावरची रेष न हलवणारी. म्हणून जेवणानंतरच्या उरलेल्या वेळात, कुणाला न सांगता, ती स्वतःची अक्षरं घडवत होती. एकेका वळणाला आठवडा लागे. त्यासाठी तिला तो प्रोग्रॅम सापडला होता. तो कुणी बनवला होता, कुठल्या गावात, बाई की पुरुष, काही लिहिलेलं नव्हतं. एक करडं पान, त्यावर चार ओळी: मी हा माझ्यासाठी बनवला. तुमच्या उपयोगी पडला तर घ्या. पैसे पाठवू नका, मला त्यांचा हिशेब ठेवता येत नाही. चुका सापडल्या तर कळवा, पण रागाने नको. ती ओळ वाचून तिला इतकं बरं वाटलं होतं की तिने एक चूक मुद्दाम शोधून, रागाने नाही, कळवली होती. तिकडून उत्तर आलं होतं: 'खरंच की.' बस्स. पुढच्या आवृत्तीत चूक नव्हती. त्या माणसाबद्दल तिला एवढंच माहीत होतं, आणि तिच्या मते ते पुष्कळ होतं. लग्न झालेल्या कितीतरी बायकांना याहून जास्त माहिती असते आणि तिचा काही उपयोग होत नाही.

मोबाईल थरथरला. बहीण. थोरली, नवरा-मुलं-सून सगळं असलेली, आणि म्हणून धाकटीला रोज दुपारी एकदा जिवंत आहेस ना विचारणारी. तिने जे झालं ते सांगितलं. बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फुकट देतोय? मग त्याला हवंय काय?"

धोकाताईने फोन कानापासून लांब धरला. कारण हा आवाज बहिणीचा नव्हता. हा आईचा होता. तोच ठसका, 'हवंय'वर तसाच दाबलेला अंगठा. त्या घराची स्वयंपाकखोली लांबट होती, टोकाला एकच खिडकी, आणि आई त्या उजेडात पाठमोरी उभी राहून असं विचारायची. मग प्रश्न भिंतीला आपटून तुमच्याकडे यायचा. तेव्हा ती शाळेत होती. गल्लीच्या तोंडाशी एक बोर्डवाले काका दुकानांच्या पाट्या रंगवत. ती शाळेतून येताना उभी राहून बघायची; बघता बघता उशीर व्हायचा; एक दिवस त्यांनी मागे न बघता ब्रश तिच्याकडे धरला आणि म्हणाले, नुसती बघून मान दुखेल, घे. त्यांची शिकवायची रीत वेगळी होती. क, ख, ग असलं काही नाही. ते अक्षरं अंगावरून ओळखायचे. आधी उजवीकडे काठी असलेली: त, न, म, ग, प, स. ही सोपी, म्हणायचे, ही काठीला टेकून उभी राहतात. मग पोटातून काठी गेलेली: क आणि फ. आणि सगळ्यात शेवटी ट, ठ, ड, द, ह, ळ. ही लटकणारी पोरं, यांना काठी नाही, यांनी स्वतःच्या पोटावर उभं राहायचं. ही घाईने काढायची नाहीत. टर्पेंटाइनच्या वासाने तिचं डोकं हलकं व्हायचं, आणि 'ग' जमला त्या दिवशी ती घरी पळत आली होती, हाताला निळा रंग, आणि आईला म्हणाली होती, मला काका फुकट शिकवतात.

मग त्याला हवंय काय? आईने कुणावर आरोप केला नाही. आई कधीच आरोप करत नसे, ती नुसती शंका घेई. शंकेला पुरावा लागत नाही. ती स्वस्तात होते आणि फार दिवस पुरते. दुसऱ्या दिवशी आई स्वतः दुकानावर गेली, पदर खांद्यावरून घेऊन, पाकिटात पैसे घालून. शिकवणीचे घ्या, म्हणाली, आमच्यावर उपकार नकोत. काकांनी पाकिटाकडे बघितलं, मग आईकडे, मग ब्रश रॉकेलच्या डब्यात उभा केला. घरात मुली आहेत, लोक काय म्हणतील, हे आई बोलली की नाही तिला आठवत नव्हतं. आठवत होता तो डब्यात तरंगणारा निळा रंग. ती पुन्हा गेली तेव्हा काका म्हणाले, जा बाळ, घरी वाट बघत असतील. काठीवाली झाली होती. क आणि फ झाले होते. लटकणाऱ्यांपाशी गाडी थांबली ती थांबलीच. पुढे पोट भरायला अक्षरांच्याच धंद्यात आली तरी तिची ट, ठ, ड घाबरल्यासारखी यायची, आणि 'धोका' या शब्दात एकही लटकणारं अक्षर नाही याबद्दल ती मनातल्या मनात भाषेचे आभार मानायची. गेली दोन-तीन वर्षं त्या करड्या पानावरच्या प्रोग्रॅममध्ये ती हीच एकेक करून घडवत होती, कुणाच्या हाताशिवाय. ट झाला. ठ झाला. ड तीनदा मोडला आणि चौथ्यांदा असा आला की तिने उठून खिडकी उघडली होती. आता ह आणि ळ उरले होते. आणि डॉक्टर म्हणत होता काही उरता कामा नये.

"अगं, ऐकतेयस ना?" बहीण म्हणत होती. "ह्यांच्या ऑफिसात एकाचं असंच सगळं गेलं. तू आपलं सॉरी म्हण, मोकळी हो. त्या मशीनमध्ये तुझं असं आहे काय मोठं?"

"ड," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. रात्री बोलू." आणि तिने फोन ठेवला. असा मध्येच तिने बहिणीचा फोन कधी ठेवला नव्हता. बोटाला जरा मुंग्या आल्या, वाईट नव्हत्या.

मधल्या वेळात ऑफिसने कामाचा सपाटा लावला होता. तिच्या टेबलाभोवती पिवळी-काळी पट्टी बांधण्यात आली. पट्टी तिनेच काढलेली, तिरक्या रेघांचा कोन तिनेच ठरवलेला, आणि तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत ती आतल्या बाजूने तिने कधी पाहिलीच नव्हती. आतून वाचलं तर 'प्रवेश बंद' उलटं दिसतं. म्हणजे आतल्या माणसाला काही सांगायची गरज कुणाला वाटलेली नसते. साहेब पट्टीपलीकडून म्हणाले, "ताई, तुमच्या टेबलासाठी एक पाटी करा बरं पटकन. 'बाधित यंत्र, हात लावू नये' अशी. उद्या कुणी काही म्हटलं तर आपल्याकडे पाटी होती असं झालं पाहिजे."

"करते की," ती म्हणाली. "कशावर करू?"

साहेबांनी बंद मशीनकडे बघितलं. प्रश्न अवघड होता. ते खोलीत गेले आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाले, "पाटी राहू दे. तुम्ही दोन ओळी लिहून द्या. न विचारता फुकटचं उतरवलं, चूक झाली, पुन्हा होणार नाही."

"न विचारता उतरवलं, हे लिहून देते. चूक झाली हे नाही लिहिणार."

"का?"

"झाली की नाही ते अजून कुणाला माहीत नाही. त्यात काही आहे असं कुणी दाखवलंय का मला? डॉक्टर, तुम्ही दाखवलंत?"

डॉक्टर बॅगेची चेन लावत होता. "ताई, संशय आला की पुरेसं असतं."

"कुणाला पुरेसं असतं?"

असं काही आपण बोलू हे तिला बोलेपर्यंत माहीत नव्हतं. आवाज चढला नव्हता. उलट तो एवढा सपाट होता की हिशेबवाल्या बाईंनी मान वर करून खात्री केली, बोललं कोण. साहेबांच्या गालावर रागाचे दोन तांबडे ठिपके उमटले. माणूस वाईट नव्हता. घाबरला की त्याचा मालक व्हायचा, एवढंच. "हे बघा," ते म्हणाले, "मला वाद नको. हे मशीन आजच्या आज माझ्या ऑफिसातून बाहेर गेलं पाहिजे. डॉक्टर, घेऊन जा आणि कोरं करा. कामाच्या फाइली मोठ्या मशीनवर आहेतच." "सगळ्या नाहीत," ती म्हणाली, "पोहण्याच्या तलावाच्या..." "आहेतच!" साहेब म्हणाले आणि दार लावून घेतलं. डॉक्टर म्हणाला, आज स्कूटरवर आहे, हे धूड कसं नेऊ? उद्या माणूस पाठवतो. आतून आवाज आला, आजच्या आज! तेव्हा धोकाताई उठली, पट्टी वर उचलून खालून वाकून बाहेर आली आणि म्हणाली, "तुम्ही निघा, डॉक्टर. मी पोचवते." डॉक्टरने तिचे मनापासून आभार मानले. कुठे पोचवते हे त्याने विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची सवय तिला नव्हती.

टॅक्सीत मशीन मांडीवर होतं. उरलेली पिवळी-काळी पट्टी तिने त्याच्यावर गुंडाळली होती, वायरी सुटू नयेत म्हणून. पण टॅक्सीवाल्याने आरशातून ते बघितलं आणि सगळ्या सिग्नलला शहाण्यासारखा थांबत गेला. तिच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या बाई आधीच उभ्या होत्या. याच बाईंनी, धोकाताई इथे राहायला आली तेव्हा, एकटीच का, कुणी येतंजातं का, असं दोन महिने सगळ्यांना विचारलं होतं, तिला सोडून. "काय आणलंत?" त्यांनी आज तिला विचारलं. "संशयित," धोकाताई म्हणाली. लिफ्टचं दार लागायच्या आत त्या बाईंना जिन्याने जायचं आठवलं.

घरी संगणकाचा पडदा नव्हता, पण भिंतीवर बहिणीने बळेच दिलेला टीव्ही होता, सुनेने नवा घेतल्यावर उरलेला. त्याला तिने मशीनची वायर जोडली, आणि मग मात्र बटणावर बोट ठेवून ती तशीच उभी राहिली. संध्याकाळचा उजेड भांड्यांच्या फळीवर आला होता. आता इथे कुणी नव्हतं, कुणाशी ताठ मान करायची नव्हती, त्यामुळे मान हळूच खाली आली आणि तो गार थेंब पुन्हा जाणवला. असलंच काही तर? सगळ्यांचंच खरं असलं तर? 'खरंच की' लिहिणारा माणूस म्हणजे कुणी भामटा असला, त्या करड्या पानामागे बसून आपल्यासारख्या बायकांची वाट बघणारा? तिने प्रामाणिकपणे विचार केला, चोर आत शिरला तर नेईल काय? बँकेत जे आहे ते बघून तोच काहीतरी टाकून जाईल. फोटो आहेत ते कुंड्यांचे. बहिणीचे निरोप आहेत, ते त्याने वाचले तर त्याची शिक्षा तिथेच भोगून होईल. पण अक्षरं नेली तर? किंवा नेली नाहीत, नुसती पुसली तर? आयुष्यभर जगाला 'सावधान' सांगणाऱ्या बाईने आपल्या कामाची दुसरी प्रत कुठे ठेवली नव्हती. पाट्या लोकांसाठी असतात. आणि मग तिला वाटलं, हरकत नाही. फसले तर फसले. पण आईसारखं आधीच पाकीट घेऊन जायचं आणि सगळं रॉकेलच्या डब्यात उभं करून यायचं, हे नाही करणार. फसण्याची एक किंमत असते आणि संशयाची एक. दुसरी तिने बरीच वर्षं भरली होती, तीही आईच्या नावाने. तिने बटण दाबलं.

मशीन घुरघुरत उठलं. तिने प्रोग्रॅमवर टिचकी मारली, आणि टीव्हीवर त्रिकोण आला, या वेळी जेवणाच्या ताटाएवढा. निळं बटण भिंतीवरच्या खुंटीपर्यंत पोचलं होतं. आणि त्या अवाढव्य पडद्यावर, निळ्या बटणाच्या खाली, ऑफिसात मुंगीएवढी असतील अशी करडी अक्षरं तिला पहिल्यांदा दिसली: 'अधिक माहिती'. दुपारपासून चार माणसं त्या पडद्यापुढे उभी राहिली होती, त्यात एक डॉक्टर, आणि एक जन्मभर बारीक अक्षरं मांडत आलेली बाई. एकानेही ते वाचलं नव्हतं. तिला हसू फुटलं. तिने टिचकी मारली. एक परिच्छेद उलगडला. त्यात रोगाचं नाव नव्हतं, चोरीचा उल्लेख नव्हता. लिहिलं होतं: 'हा प्रोग्रॅम फार कमी लोक वापरतात. त्याच्या कर्त्याची आम्हाला ओळख नाही. त्यामुळे तो सुरक्षित आहे की नाही हे आम्ही सांगू शकत नाही.'

ती खुर्ची ओढून बसली आणि ते पुन्हा वाचलं. कमी लोक वापरतात. कुणाची ओळख नाही. एवढ्यासाठी प्लॉटर बंद पडलं, चहा गळला, टेबलाला पट्टी लागली! खालच्या मजल्यावरच्या बाईंचं म्हणणं तरी याहून वेगळं काय होतं? आणि आईचं? 'सांगू शकत नाही' हे एवढं साधं तीन शब्दांत सांगायचं सोडून या लोकांनी ताटाएवढा तांबडा त्रिकोण रंगवला होता. तिला राग आला, असा स्वच्छ, ऊबदार राग की तो येऊन गेल्यावर भूक लागली. परिच्छेदाच्या शेवटी, आणखी बारीक, जणू कुणी तोंडातल्या तोंडात पुटपुटावं तसं लिहिलं होतं, 'तरीही चालवा'. तिने चालवलं.

प्रोग्रॅम नेहमीसारखा आळस देत उघडला. आधी नव्या आवृत्तीची चिठ्ठी आली. 'नवीन काय: काही नाही. एक चूक दुरुस्त केली, ती बहुतेक मलाच दिसत होती.' आणि मग टीव्हीभर अक्षरं पसरली, ट, ठ, ड, ढ, द, सगळी जागच्या जागी, कुणाच्याही काठीला न टेकता. ह अर्धा होता, सोडला तसा. तिने आधी पेनड्राइव्ह खुपसला आणि प्रत घेतली, मग गॅसवर चहा ठेवला, मग कपाटातून दुसरा पेनड्राइव्ह शोधून आणखी एक प्रत घेतली.  प्रोग्रॅममध्ये काही दडलेलं नसेलच असं अजूनही कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं. तीसुद्धा नाही.

चहा उतू जायच्या बेताला फोन आला. साहेब.

"ताई, डॉक्टरचा फोन होता. मशीन पोचलं नाही म्हणतो."

"पोचलंय, साहेब. माझ्या घरी."

"घरी? अहो, कोरं करायला..."

"तुम्ही म्हणालात ऑफिसातून बाहेर. बाहेरच आहे."

साहेबांनी श्वास घेतला. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ते राहू दे. तलाववाल्यांचा माणूस येऊन बसलाय. उद्या उद्घाटन आहे म्हणतो, आणि पाणी कुठे किती खोल ते सांगणारी एकही पाटी नाही. मोठ्या मशीनवर त्यांची फाइलच नाही."

"मी सांगत होते."

"कोरं केलं नाहीत ना?" साहेबांनी विचारलं, आणि दुपारपासून पहिल्यांदाच तिला तो माणूस खरा वाटला. "ताई, केलं नाहीत ना?"

"नाही केलं. फाइल आहे. सकाळी मशीन घेऊन येते. पण ते माझ्या टेबलावर राहील, तो प्रोग्रॅम त्याच्यात राहील, आणि चूक झाली असं मी कुठेही लिहून देणार नाही."

"अहो, पण त्यात खरंच काही निघालं तर? सगळं बंद पडलं तर? जबाबदारी कुणाची?"

"माझी," धोकाताई म्हणाली.

 साहेब आयुष्यभर या प्रश्नावर जगले होते; सासरे जगले होते; पाट्या करून नेणारा प्रत्येक दुकानदार, प्रत्येक कारखानदार हाच प्रश्न घेऊन दारात आला होता आणि त्याचं उत्तर द्यायला लागू नये म्हणूनच तर पिवळ्या पत्र्याचे पैसे मोजून गेला होता. त्याला कुणीतरी असं एका शब्दात उत्तर देईल याची सोय त्या धंद्यात कुठेच केलेली नव्हती. तिने गॅस बारीक केला, चहा गाळला, पहिला घोट घेतला, जीभ भाजली.

"साहेब, आहात ना?"

"आहे."

"मग प्लॉटरवर पिवळा रोल चढवून ठेवायला सांगा. आल्या आल्या कापायला घेते."